नेवार्क विमानतळावरची दहा चित्रं

मंडळी, न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांनी अमेरिकेत पहिलं पाऊल ठेवलं ते नेवार्क विमानतळावर. हातात दोन अगडबंब बॅगा, त्यातल्या एकीत प्रेशर कुकर आणि गोडा मसाला, आणि खिशात कागदपत्रांचं जाड पाकीट. अशा गडबडीत भिंतींकडे बघायला कुणाला वेळ असतो? पण याच विमानतळाच्या जुन्या इमारतीत १९३७ साली एका निर्वासित चित्रकाराची दहा मोठी भित्तिचित्रं लावली होती. त्यातली आज फक्त दोन शिल्लक आहेत. बाकीची आठ बाँब पडून गेली नाहीत की चोरांनीही नेली नाहीत. रंगारी आले, भिंती पांढऱ्या करून गेले आणि कुणी काही विचारलं नाही.

त्या चित्रकाराचं नाव आर्शिल गॉर्की. विसाव्या शतकातल्या अमेरिकन चित्रकलेचा इतिहास त्याच्याशिवाय लिहिता येत नाही. आता निधी-संकलनाच्या पुस्तिकेत चित्रकाराचं काय काम, असं कुणी म्हणेल. पण माणसाला मदत वेळेवर मिळाली नाही तर काय होतं, योग्य तऱ्हेने मिळाली तर काय होतं, आणि त्या मदतीतून उभं राहिलेलं काम नंतर कुणी सांभाळलं नाही तर काय होतं, हे तिन्ही गॉर्कीच्या एका कारकिर्दीत बघायला मिळतं. आपण आज चेक लिहायला बसलो आहोत, म्हणून ही गोष्ट आज सांगावीशी वाटली.

वान सरोवराकाठचा मुलगा

गॉर्की हे त्याचं मूळ नाव नव्हे. मूळ नाव वोस्तानिक मनूग अदोयान. जन्म १९०४ च्या सुमाराचा, तेव्हाच्या ऑटोमन साम्राज्यात, आजच्या पूर्व तुर्कस्तानात, वान सरोवराच्या काठावरच्या खोरगोम गावी. घर आर्मेनियन ख्रिश्चन. मुलगा लहान असतानाच वडील अमेरिकेला निघून गेले. १९१२ साली त्याच्या आईने, शुशानने, वान शहरातल्या फोटोग्राफरकडे जाऊन मुलाबरोबर एक फोटो काढून घेतला आणि अमेरिकेत नवऱ्याकडे पाठवला. आई बसलेली, मुलगा शेजारी हातात फुलं घेऊन उभा. आम्ही इथे आहोत, आम्हाला विसरू नका, एवढंच त्या फोटोला सांगायचं होतं.

१९१५ साली ऑटोमन राजवटीत आर्मेनियन लोकांचं शिरकाण सुरू झालं. वानमधले लोक काही काळ लढले, पण शेवटी त्यांना गाव सोडावं लागलं. शुशान मुलांना घेऊन दिवसचे दिवस पायी चालत रशियाच्या ताब्यातल्या आर्मेनियात पोचली. १९१६ साली दोन मोठ्या मुली अमेरिकेला गेल्या. मागे राहिली ती आई, हा मुलगा आणि धाकटी बहीण वार्तुश. १९१८-१९ च्या हिवाळ्यात येरेवानमध्ये भयंकर दुष्काळ पडला आणि मार्च १९१९ मध्ये शुशान उपासमारीने गेली. मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा असेल-नसेल. फेब्रुवारी १९२० मध्ये ही दोन भावंडं एलिस आयलंडच्या बंदरात उतरली.

‘उपाशी आर्मेनियन’

त्याच सुमारास अमेरिकेत या लोकांसाठी प्रचंड निधी गोळा होत होता. १९१५ साली सुरू झालेली ही मोहीम पुढे ‘निअर ईस्ट रिलीफ’ या नावाने ओळखली गेली. १९३० पर्यंत तिने ११ कोटी डॉलरहून जास्त मदत उभी केली आणि सव्वा लाखाहून जास्त अनाथ मुलांना आधार दिला. परदेशातल्या संकटासाठी सामान्य अमेरिकन माणसाने एवढ्या प्रमाणात खिशात हात घालण्याची ही पहिलीच मोठी वेळ. हे काम खरोखर थोर होतं, यात शंका नाही.

पण त्याला दुसरी बाजूही होती. गावोगावी पोस्टरं लागली, चर्चमधून डबे फिरले, आणि ‘उपाशी आर्मेनियन’ हा शब्द घरोघरी पोचला. पानातलं टाकायला निघालेल्या मुलाला अमेरिकन आई त्या उपाशी आर्मेनियनांची आठवण करून द्यायची. आता ज्या मुलाची स्वतःची आई खरंच उपासमारीने गेलेली आहे, त्याने या देशात स्वतःची ओळख काय म्हणून द्यायची?

त्याने ओळखच बदलली. १९२० च्या दशकात तो ‘आर्शिल गॉर्की’ झाला. आपण रशियन आहोत, प्रसिद्ध लेखक मॅक्सिम गॉर्कींचे नातलग आहोत, असं तो सांगू लागला. गंमत म्हणजे मॅक्सिम गॉर्की हेही टोपणनावच, त्यामुळे असा नातलग असणं कठीणच! रशियन भाषेत गॉर्की म्हणजे कडू. आपल्यात संदीपचा सँडी होतो तो समोरच्याला उच्चार जमावा म्हणून. याने नाव बदललं ते समोरच्याच्या डोळ्यांतली कीव टाळण्यासाठी असावं, असं मला वाटतं.

गुरूविना शिक्षण

सुरुवातीला तो मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउनला बहिणींकडे राहिला आणि तिथल्या रबराच्या बुटांच्या कारखान्यात कामाला लागला. मग बॉस्टनच्या एका कलाशाळेत काही काळ शिकला आणि १९२० च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कला आला. तिथे ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या इमारतीतल्या कलाशाळेत शिकवू लागला. पुढे जगप्रसिद्ध झालेला मार्क रॉथको त्याच्या हाताखाली शिकून गेला आहे.

पण गॉर्कीचं खरं शिक्षण झालं ते एकलव्यासारखं. म्यूझियममध्ये तासन् तास उभं राहायचं, युरोपातल्या चित्रकारांची पुस्तकं आणि मासिकं पालथी घालायची, आणि ज्याला गुरू मानलं त्याच्यासारखं हुबेहूब काढायचं. काही वर्षं सेझान, मग बरीच वर्षं पिकासो. लोक नकलाकार म्हणून हिणवत. तो मात्र म्हणे की आधी गुरूबरोबर राहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्याकडे गाणं शिकणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. घराण्याची गायकी आधी गळ्यात बसते, स्वतःची वाट त्यानंतर सापडते.

याच काळात वडिलांकडे पाठवलेला तो १९१२ चा फोटो त्याच्या हाती आला. त्यावरून त्याने ‘द आर्टिस्ट अँड हिज मदर’ हे चित्र काढायला घेतलं, आणि त्याची दोन रूपं वर्षानुवर्षं रंगवली, खरवडली, परत रंगवली. एक आज न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्यूझियममध्ये आहे, दुसरं वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत. दोन्हीत आईचा चेहरा एखाद्या मूर्तीसारखा शांत आहे, पण हात पुरे केलेले नाहीत. तिथे नुसते रंगाचे पुसट गोळे आहेत.

आठवड्याला चोवीस डॉलर

१९२९ साली शेअर बाजार कोसळला आणि मंदी आली. ज्या देशात इंजिनियर सफरचंदं विकत होते, तिथे चित्रं कोण घेणार? रंग परवडेनात म्हणून गॉर्की शाई आणि लेखणीने काम करत राहिला.

डिसेंबर १९३३ मध्ये सरकारने कलाकारांना काम देण्याची एक योजना काढली आणि १९३५ मध्ये ‘फेडरल आर्ट प्रोजेक्ट’ ही मोठी योजना आली. गॉर्की दोन्हीत होता. ही योजना कशी चालायची ते समजून घेण्यासारखं आहे. सरकार कलाकाराला भीक देत नव्हतं किंवा बक्षीसही देत नव्हतं. आठवड्याचा पगार देत होतं, न्यूयॉर्कमध्ये साधारण चोवीस डॉलर. बदल्यात कलाकाराने काम करायचं, आणि ते शाळा, इस्पितळं, पोस्ट ऑफिसं, विमानतळ अशा सार्वजनिक जागांना द्यायचं. १९४३ पर्यंत या योजनेतून अडीच हजारांहून जास्त भित्तिचित्रं आणि एक लाखाच्या वर चित्रं तयार झाली. ज्यांची नावं आज म्यूझियमच्या दारावर झळकतात त्यातले कित्येक तेव्हा या चोवीस डॉलरवर जगले.

परक्या देशाच्या माणसांसाठी ही वाटही सरळ नव्हती. गॉर्कीचा जवळचा मित्र विलेम डी कूनिंग १९२६ साली जहाजात लपून हॉलंडहून आला होता. १९३७ मध्ये नागरिक नसलेल्यांवर बंधनं आली तेव्हा त्याला ही योजना सोडावी लागली. गॉर्कीला नागरिकत्व मिळालं ते १९३९ साली, म्हणजे येऊन १९ वर्षांनी. ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या मंडळींनी नोंद घ्यावी!

कांदा आणि सात पिसं

नेवार्क विमानतळ १९२८ साली सुरू झाला आणि १९३० च्या दशकात जगातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांत गणला जात होता. १९३५ साली तिथे नवी प्रशासकीय इमारत झाली. तिच्या दुसऱ्या मजल्यासाठी गॉर्कीला दहा चित्रं करायची होती. एकूण सुमारे दीड हजार चौरस फूट, म्हणजे एखाद्या तीन बेडरूमच्या घराएवढा कॅनव्हास. चित्रं स्टुडिओत तेलरंगात करायची आणि मग भिंतीवर चिकटवायची, अशी पद्धत. मालिकेचं नाव होतं ‘एव्हिएशन: इव्होल्यूशन ऑफ फॉर्म्स अंडर एरोडायनॅमिक लिमिटेशन्स’. वाचून इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्ट रिपोर्टची आठवण होते ना?

नाव वाचून वाटेल की विमानांची छान चित्रं असतील. तसं नव्हतं. गॉर्कीने विमान घेतलं आणि त्याचे भाग सुटे केले. पंख, चाक, शेपटी, मोजमापाची यंत्रं. मग हे भाग सपाट, स्वच्छ रंगांच्या आकारांत नव्याने मांडले. आपण इंजिनियरिंग ड्रॉइंगमध्ये एखाद्या यंत्राचे भाग वेगळे करून दाखवतो, साधारण तसं. फरक इतकाच की तिथे यंत्र कसं जोडायचं ते कळावं म्हणून भाग सुटे करतात, आणि इथे उडताना काय वाटतं ते कळावं म्हणून. एका चित्रात वरून दिसणारा अमेरिकेचा नकाशा होता, पण राज्यांचे आकार विमानातून खाली बघताना भासावेत तसे मोकळे, बदललेले.

हे त्याला सुचलं कुठून? १९३६ साली या चित्रांविषयी लिहिताना त्याने आपल्या लहानपणच्या मातीच्या घराचं वर्णन केलं आहे. छताला धूर जायला भोक होतं. तिथे एक लाकडी क्रूस असे आणि त्याला दोऱ्याने एक कांदा टांगलेला असे. कांद्यात सात पिसं खोचलेली. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या काळात दर रविवारी एक पीस काढायचं. पिसं संपली की उपास संपले. हेच त्या घराचं कॅलेंडर! हवेत तरंगणाऱ्या त्या कांद्याकडे आणि पिसांकडे बघताना, साध्या वस्तूतून असाधारण काही घडवता येतं हे आपल्याला पहिल्यांदा उमगलं, असं तो सांगतो.

म्हणजे बघा, अमेरिकेतल्या सर्वांत आधुनिक इमारतीत, सर्वांत आधुनिक यंत्राचं चित्र काढताना हा माणूस आधार घेत होता तो वान सरोवराकाठच्या कांद्याचा. आणि जाहीरपणे मात्र स्वतःला आर्मेनियन म्हणवत नव्हता!

लोकांना चित्रं आवडली का? सगळ्यांना नाही. या प्रकल्पाची कामं प्रदर्शनात मांडली तेव्हा न्यूयॉर्कचे मेयर ला ग्वार्डिया बघायला आले होते. उंच, मिशाळ गॉर्की त्यांना चित्र समजावून सांगतो आहे असा एक फोटो प्रसिद्ध आहे. मेयरसाहेबांना ते फारसं पटलेलं नव्हतं. नेवार्कमध्येही कुरकुर झाली. तरी चित्रं मंजूर झाली आणि १९३७ मध्ये भिंतींवर लागली.

शेवटची दहा वर्षं

या चोवीस डॉलरांनी काय साधलं? गॉर्कीला दोन-तीन वर्षं सलग, मोठ्या आकारात काम करता आलं. १९३७ साली व्हिटनी म्यूझियमने त्याचं एक चित्र विकत घेतलं. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात त्याने विमान-विभागासाठी भित्तिचित्र केलं. १९४१ साली आपल्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलाजवळ, फोर्ट ली इथल्या ‘रिव्हिएरा’ नाइटक्लबसाठी भित्तिचित्रं केली.

१९४१ मध्ये त्याचं अ‍ॅग्नेस मॅग्रुडरशी लग्न झालं आणि पुढे दोन मुली झाल्या. १९४३ च्या उन्हाळ्यात व्हर्जिनियात सासुरवाडीच्या शेतावर राहताना तो गवतात बसून रेखाटनं करू लागला, आणि इतकी वर्षं गुरूंच्या मागे चाललेला हात एकदम मोकळा झाला. गवत, किडे, बिया, वडिलांची बाग, आईचा एप्रन, सगळं त्या रेषांत मिसळलं. ‘गार्डन इन सोची’ ही मालिका नावाने रशियन, पण आठवणीने खोरगोमच्या बागेची. १९४४ चं ‘द लिव्हर इज द कॉक्स कोम’ हे त्याच्या सर्वोत्तम चित्रांत गणलं जातं. पुढे ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट एक्स्प्रेशनिझम’ म्हणून जगभर गाजलेल्या अमेरिकन चित्रकलेचा रस्ता इथून निघतो. त्याच्या मृत्यूनंतर डी कूनिंगने एका कलामासिकाला पत्र लिहून जाहीर सांगितलं की तुम्ही कुठून आलात असं मला विचाराल, तर मी आलो ३६, युनियन स्क्वेअरहून. तो गॉर्कीच्या स्टुडिओचा पत्ता होता.

नशीब मात्र फिरलं. जानेवारी १९४६ मध्ये कनेटिकटमधल्या त्याच्या स्टुडिओला आग लागून बरीच चित्रं जळाली. दोनच महिन्यांनी कॅन्सरचं मोठं ऑपरेशन झालं. जून १९४८ मध्ये मोटार अपघातात मान मोडली आणि चित्र काढणारा हात काही काळ लुळा पडला. संसारही मोडला. २१ जुलै १९४८ रोजी त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. वय चव्वेचाळीसच्या आसपास.

चौदा थर

आता परत नेवार्ककडे वळू. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, विमानतळ लष्कराकडे गेला. इमारतीचा वापर बदलला, भिंती रंगवल्या गेल्या. युद्ध संपलं, विमानतळ परत मिळाला, पुन्हा रंग लागला. दर काही वर्षांनी पुन्हा. इथे काही होतं, हेच लोक विसरले. यात कुणी दुष्ट नव्हतं. रंगाऱ्याला भिंत रंगवायला सांगितलं, त्याने रंगवली. चित्र करायला पैसे कोण देणार हे ठरलेलं होतं. चित्र सांभाळणार कोण, हे कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार चांगला परिचयाचा आहे. प्रोजेक्ट सुरू होतो त्या दिवशी केक कापतात, फोटो काढतात. मेंटेनन्सचं बजेट विचारलं की मीटिंगमध्ये शांतता पसरते.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कलाक्षेत्रातल्या काही जाणकारांनी चिकाटीने शोध घेतला, तेव्हा रंगाच्या चौदा थरांखाली दोन चित्रं सापडली. ‘एरियल मॅप’ हे साधारण साडेसहा फूट बाय दहा फूट, आणि ‘मेकॅनिक्स ऑफ फ्लाइंग’ हे साधारण नऊ बाय अकरा. तज्ज्ञांनी ती भिंतीवरून सोडवून, थर उतरवून स्वच्छ केली. उरलेल्या आठांचा पत्ता लागला नाही. जागतिक प्रदर्शनातलं चित्र तर प्रदर्शनाबरोबरच गेलं, आणि फोर्ट लीचा नाइटक्लब १९५० च्या दशकात पॅलिसेड्स पार्कवेसाठी पाडला गेला. सापडलेली दोन चित्रं नेवार्कच्या म्यूझियमकडे सांभाळायला दिली आहेत आणि १९७८ मध्ये तिथे त्यांचं प्रदर्शनही भरलं होतं. गंमत पाहा, ज्या इमारतीत ती होती ती मात्र २००१ मध्ये धावपट्टी वाढवताना तुकडे करून, उचलून दुसरीकडे नीट बसवली गेली. कारण तोवर तिचं ऐतिहासिक महत्त्व कागदावर नोंदलेलं होतं. नोंद असली की इमारतसुद्धा वाचते.

मग आपण काय करायचं?

आपल्या पैशातून गावाकडे शाळेला खोल्या मिळतात, वाचनालयाला पुस्तकं मिळतात, कुठे पाण्याची टाकी उभी राहते. फीत कापतानाचे फोटो येतात, आपल्याला बरं वाटतं, आणि वाटायलाच हवं. गॉर्कीची गोष्ट त्यापुढचे दोन प्रश्न विचारायला शिकवते.

पहिला, ज्याला आपण देतो त्याच्याकडे आपण कोण म्हणून बघतो? ‘उपाशी आर्मेनियन’ म्हणून दिलेल्या पैशाने जीव वाचले. पण गॉर्कीच्या हातून जे घडलं ते त्याला चित्रकार म्हणून काम, पगार आणि भिंत मिळाली तेव्हा. आपल्या पुस्तिकांत मुलांचे केविलवाणे फोटो छापायचे की त्यांनी केलेलं काम छापायचं, हा विचार समितीने जरूर करावा.

दुसरा प्रश्न पैशाचा. टाकी बांधून झाली, पण पाच वर्षांनी तिची गळती कोण काढणार? वाचनालयाच्या पुस्तकांना वाळवी लागली तर कुणी बघायचं? प्रत्येक शंभर डॉलरमधले दहा डॉलर देखभालीसाठी बाजूला ठेवावेत आणि त्या माणसाचं नाव कागदावर लिहून घ्यावं, अशी माझी सूचना आहे. दहा डॉलर कुणाला फार वाटले तर वार्षिक सभेत चर्चा करू, पण आकडा शून्य नसावा.

आणि हो, नेवार्कच्या म्यूझियममध्ये मुलांना घेऊन एकदा जरूर जा. म्यूझियमवाले चित्रं अधूनमधून बदलत असतात, तेव्हा गॉर्कीची चित्रं लावलेली आहेत का ते फोन करून विचारून निघा. समोर उभे राहिलात तर मुलांना कांद्याची आणि सात पिसांची गोष्ट सांगा. ती त्यांच्या लक्षात राहील.